सुतकात वाचलेली रहस्यकादंबरी

ज्या वयात बहुतेक वाचक रहस्यकथांचा नाद सोडून देतात, त्या वयात मी पहिली रहस्यकादंबरी हातात घेतली. यामागे कसला नियम किंवा निश्चय नव्हता. नांदेडला आमच्या घरी पुस्तकं भरपूर होती. वडील शिक्षक होते आणि पुस्तकाने माणसाला काहीतरी द्यावं अशी त्यांची साधी अपेक्षा असे. बसस्टँडवर दोरीला चिमट्यांनी अडकवलेल्या, मुखपृष्ठावर सुरा आणि रक्त असलेल्या पुस्तकांकडे पाहून ते फक्त "ही वेळ घालवायची पुस्तकं" एवढंच म्हणत. त्यांनी ती वाचायला कधी मनाई केली नाही. केली असती तर कदाचित मी चोरून वाचलीही असती. पण न केलेल्या मनाईचा धाक मला नेहमीच जास्त वाटत आला आहे, आणि ती मनाई मी सगळं तरुणपण आणि त्यानंतरही बराच काळ पाळला. रसायनशास्त्र शिकले, तेच शिकवलं, आणि उरलेल्या वेळात ज्याला गंभीर म्हणतात ते वाचत राहिले.

दर उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयात ग्रंथालयाची मोजदाद होते. प्राध्यापकांपैकी ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांची नावं त्या समितीत जातात, त्यामुळे माझं नाव तिथे कायमचं होतं. अशाच एका दुपारी कपाटाच्या खालच्या फळीवर मला एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद सापडला. आतल्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता. इतक्या वर्षांत ते पुस्तक कोणीच नेलं नव्हतं याचं मला थोडं वाईट वाटलं, आणि मी उभ्याउभ्याच पहिलं प्रकरण वाचून काढलं.

"मॅडम, एकाच पुस्तकापाशी एवढा वेळ?" ग्रंथपालांनी टेबलावरून विचारलं. "पानं गहाळ आहेत का?"

"नाही. सगळी आहेत."

"मग?"

"हे... घरी नेता येईल का?"

त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "न्या की. फक्त शेवटचं प्रकरण आधी वाचू नका. आमच्या घरी तेच करतात, आणि मग माझ्याशी भांडतात की यात काही दमच नव्हता."

अनुवादकाने त्या इंग्लंडमधल्या घराला 'हवेली' म्हटलं होतं आणि तिथल्या नोकराला 'खानसामा'. मी इंग्लंड पाहिलेलं नाही. त्यामुळे ती हवेली मी आमच्याकडच्या एखाद्या जहागीरदाराच्या देवडीसारखी मनात उभी केली: उंच जोतं, लांब पडवी, मागे कडुनिंब. घराचा मालक वृद्ध आणि श्रीमंत होता. सुट्टीसाठी त्याच्याकडे पाहुणे आले होते. नदीला पूर येऊन पूल वाहून गेला, कोणालाच बाहेर जाता येईना, आणि दुसऱ्या दिवशी मालक आपल्या वाचनाच्या खोलीत मेलेला आढळला. पाहुण्यांमध्ये एक निवृत्त, मितभाषी गृहस्थ होता. तो एकेकाला बाजूला घेऊन बोलू लागला.

मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं ते एका गोष्टीचं. त्या घरात माणूस मेला होता आणि कोणी रडत नव्हतं. चहा वेळेवर येत होता, जेवणासाठी लोक कपडे बदलत होते, आणि तो गृहस्थ प्रत्येकाला अत्यंत सौजन्याने विचारत होता की तेव्हा तुम्ही कुठे होता. एखाद्याच्या घरी मयत झाली असताना असा प्रश्न विचारता येतो, हेच मला नवीन होतं. मी साधारण निम्म्यापर्यंत पोहोचले होते तेव्हा लातूरहून थोरल्या दिरांचा फोन आला.

"अण्णा गेले," ते म्हणाले. "निघा."

अण्णा म्हणजे माझे सासरे. घरात सगळेच त्यांना अण्णा म्हणत आणि सासूबाईंना बाई. पक्षाघात झाल्यापासून अण्णा माजघरातल्या खाटेवर होते. त्यांची वाचा गेली होती. उजवा हात तेवढा थोडा हलत असे. पाणी चमच्याने पाजावं लागे. दीर आणि जाऊबाई लातूरलाच बाईंजवळ राहत. आम्ही दोघं नांदेडला असल्यामुळे अण्णांच्या आजारपणातला आमचा वाटा फोनवर चौकशी करण्याचा आणि सुट्टीला जाऊन येण्याचा होता.

भाड्याच्या गाडीने आम्ही निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. रुमालासाठी पर्समध्ये हात घातला तेव्हा ते पुस्तक हाताला लागलं. ते तिथे राहून गेलं होतं. मला फार अवघडल्यासारखं झालं आणि मी पर्स बंद केली.

आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणातली फरशी ओली होती. लोक दुतर्फा उभे होते. आमच्यासाठीच सगळं थांबलं होतं. बाई खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत भिजलेला होता. त्याचा अर्थ मी तेव्हा काही लावला नाही. अण्णांना अंघोळ घातली असेल, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवसापासून लोक भेटायला येऊ लागले. आमच्याकडे भेटायला येणं म्हणजे येऊन बसणं. आलेला माणूस काही वेळ खाली पाहत बसतो, मग घरातल्या कोणाकडे तरी वळून हळूच विचारतो, "कसं झालं?" आणि घरातल्या कोणीतरी सांगायचं असतं. पुढची मंडळी आली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरात हे सांगण्याचं काम जाऊबाईंकडे आलं, कारण दीर पुरुषांच्या बैठकीत असत आणि बाई बोलतच नव्हत्या.

जाऊबाई सांगत, "सकाळी चहा घेतला. दोन चमचे सांजा खाल्ला. चेहरा एकदम शांत होता. मग मी चमच्याने पाणी पाजलं, आणि पाणी पिता पिताच डोळे मिटले."

ऐकणारे सुस्कारा सोडत. शेवटचं पाणी सुनेच्या हातचं मिळालं, भाग्यवान माणूस, असं कोणी ना कोणी म्हणेच. बाई लुगड्याचा पदर तोंडाशी धरून मान खाली घालून बसलेल्या असत.

घरात माणसं खूप आणि जागा कमी, त्यामुळे दुपारी लोकांची ये-जा थोडी थांबली की मी मागच्या कोठीत जाऊन बसे. तिथे ज्वारीची पोती होती आणि भिंतीला लागून पाण्याचे ड्रम. लातूरमध्ये ज्यांनी संसार केला त्यांना ड्रमांचं काही सांगावं लागत नाही. नळाला पाणी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा येतं, कधी येणार ते नक्की नसतं, आणि आलं की घरातला प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून आपापल्या जागेवर जातो. एका ड्रमाला पाठ टेकून, दार लोटून, मी ती कादंबरी पुन्हा उघडली. सुतकात गरुडपुराण ऐकायचं असतं, आणि ते संध्याकाळी महाराज येऊन वाचतही होते. मी मात्र दुपारी खून वाचत होते. याची लाज वाटत होती, पण पुस्तक ठेवूनही देववत नव्हतं. बाहेरच्या खोलीतलं दुःख कसं वागवावं ते मला कळत नव्हतं, आणि त्या हवेलीत निदान प्रत्येक वाक्याला काहीतरी काम होतं.

त्या मितभाषी गृहस्थाची एक पद्धत होती. तो एकाच माणसाला तीच हकीकत अनेकदा सांगायला लावी. त्याच्या मते खरं आठवून सांगणारा माणूस दर वेळी कुठेतरी अडखळतो, आणि ठरवून सांगणाऱ्याची हकीकत मात्र दर वेळी अधिक गुळगुळीत होत जाते. हे वाचून मी बाहेर येऊन बसले, आणि त्या दुपारी पहिल्यांदा जाऊबाईंचं सांगणं नुसतं कानावर पडू न देता ऐकलं. पहिल्या दिवशी चमचा होता. आता फुलपात्र आलं होतं. पहिल्या दिवशी अण्णांनी नुसते डोळे मिटले होते. आता त्यांनी आधी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली होती. आणखी दोन दिवसांनी, ज्यांची वाचा कधीच गेली होती त्या अण्णांनी "पाणी" असं स्पष्ट म्हटलं. मला स्वतःचाच राग आला. जाऊबाईंनी अण्णांचं सगळं केलं होतं, मी काहीच केलं नव्हतं, आणि मी इथे एका फालतू पुस्तकाच्या नादाने त्यांच्या बोलण्यातला फरक मोजत बसले होते. मी ठरवलं की ते पुस्तक आता नांदेडला गेल्यावरच उघडायचं. ठरवलेलं दुसऱ्या दुपारपर्यंतही टिकलं नाही.

मग शेजारच्या आजी आल्या. सगळ्या गल्लीचा सोवळेपणा त्यांच्याकडे होता. बसल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "घरातलं पाणी वतून दिलं का? मयताच्या घरातलं भरलेलं पाणी ठिवत न्हाईत."

"माठ ओतला, आजी," जाऊबाई म्हणाल्या. "हंडे ओतले."

"आन ड्रम?"

"ड्रम कसे ओतू? तुमच्या शास्त्राला लातूरचा नळ माहीत आहे का? परत कधी येईल त्याचा भरवसा नाही, पंगतीला पाणी कुठून आणू? आणि त्याच सकाळी तर..."

जाऊबाई तिथे थांबल्या. आजींच्या ते लक्षातही आलं नाही. "वरून तुळशीपत्र तरी टाका एकेक," असं सांगून त्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या. पण बाईंनी मान वर केली होती. त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं, जाऊबाईंनी दाराकडे पाहिलं, आणि मग दोघींनीही खाली पाहिलं.

मी उठून कोठीत गेले. ड्रम अजून काठोकाठ भरलेले होते, रोजचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येई. मी आले त्या दिवशीही ते असेच भरलेले होते, आणि त्यानंतर नळ आलेला नव्हता. अंगण ओलं होतं. बाईंच्या लुगड्याचा काठ भिजला होता. त्याच सकाळी पाणी आलं होतं. आणि पाणी आलं की या घरात कोण कुठे असतं हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं. दीर गच्चीवर टाकीपाशी. जाऊबाई नळावर, मोटार आणि पाइप सांभाळत. बाई कोठीत, ड्रमाच्या तोंडाला फडकं धरून, म्हणजे गाळ आत जाऊ नये. मुलं शिकायला बाहेरगावी. माजघरात खाटेपाशी कोणी उरत नव्हतं. इतक्या दिवसांच्या इतक्या सांगण्यात चहा होता, सांजा होता, फुलपात्र होतं. नळ मात्र एकदाही आला नव्हता.

हे जुळलं तेव्हा, पुस्तकातल्या त्या गृहस्थाला अशा क्षणी जो आनंद होत असे, तसलं काहीही मला झालं नाही. मी ड्रमाला टेकून खाली बसले आणि पुस्तक नुसतंच उघडून धरलं.

मी तशीच बसले होते तेव्हा बाई आत आल्या. कमरेला किल्ल्या होत्या, काहीतरी काढायला आल्या असाव्यात. मी पुस्तक पदराखाली घेतलं, पण उशीर झाला होता.

"काय वाचून राहिलीस? पोथी हाय का?"

"नाही, बाई. कादंबरी आहे." मला खोटं बोलता आलं नाही. "अशीच."

"कशाची?"

मी फार ओशाळून सांगितलं की एका मोठ्या घरात एक माणूस मरतो आणि ते कसं झालं हे बाकीचे शोधून काढतात. त्या रागावतील असं मला वाटलं. त्या पोत्यावर बसल्या.

"मंग? कळतंय का त्येंला?"

"शेवटी कळतं."

"आन कळल्यावर सांगतेत का सगळ्यायला?"

"हो. असल्या पुस्तकांत सगळ्यांना एका खोलीत बसवून सांगतात, असं म्हणतात. मी अजून तिथपर्यंत आलेले नाही."

"त्याच्या बायकोला बी?"

मी थोड्या वेळाने "हो" म्हटलं. बाईंनी हातातली किल्ली उगाच फिरवली. बिलोलीकडच्या खेड्यातून या घरात आलेल्या, सही करण्यापुरतं शिकलेल्या बाईंनी आजवर मला, घरातल्या शिकलेल्या सुनेला, कधी काही विचारलं नव्हतं. आता त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "उशी वली व्हती. मी सोता काढली. ह्या अंगाला, गालाखाली, चिंब वली. तू शिकल्याली हाईस. जिता मानूस पानी पिला तर एवढं उशीवर येतंय का?"

त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं, आणि तरीही नक्की कळत नव्हतं. नाही म्हटलं तर जाऊबाईंचं सांगणं खोटं पडणार होतं. येतं म्हटलं तर बाईंना माझ्या शिक्षणाचा शिक्का मारलेलं एक असत्य मिळणार होतं, आणि त्या ते ठेवून घेतील याची मला खात्री नव्हती.

"मी इथे नव्हते, बाई," मी म्हटलं.

"व्हय. तू नव्हतीस," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्या उठल्या, किल्ली पुन्हा कमरेला खोचली आणि जे काढायला आल्या होत्या ते न काढताच गेल्या.

दुसऱ्या दिवशी जाऊबाई आणि मी तेरवीचे तांदूळ निवडायला मागच्या पडवीत बसलो. घरात त्या वेळी कोणी पाहुणे नव्हते. माझ्या स्वभावात नसलेलं धैर्य करून मी विचारलं, "त्या सकाळी पाणी आलं होतं का?"

जाऊबाईंचा हात सुपात थांबला. "प्राध्यापकबाईंना कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

त्यांनी बराच वेळ खडे वेचले. मग खाली पाहतच बोलू लागल्या. "किती दिवसांनी आलं होतं ते. मोटार बंद करून आत आले तर मान कलली होती. मी आधी हाका मारल्या. मग धावत जाऊन पाणी आणलं आणि तोंडात घातलं. सगळं बाहेर आलं. बाई तेव्हा मागेच होत्या, फडकं पिळत. त्या आत आल्या तेव्हा माझ्या हातात चमचा होता. त्यांनी विचारलं, 'पानी घातलंस?' मी म्हटलं, 'घातलं.' खोटं बोलले का मी? कधी घातलं ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

"नाही. खोटं नाही बोललात."

"मग लोक यायला लागले. दर वेळी बाई समोर. त्यांच्या तोंडाकडे पाहत सांगते मी. ते नजर फिरवली वगैरे कुठून आलं, माझं मलाच कळत नाही. त्या एका घोटावर त्या जेवतायत, एवढंच मला दिसतं. तू आता काही बोलू नको. तुझी ती सवय नाहीच म्हणा."

मी बोलले नाही. जाऊबाई बाईंसाठी सांगत होत्या. बाईंना ते खरं नाही हे ठाऊक होतं, आणि जाऊबाई चार लोकांत खोट्या पडू नयेत म्हणून त्या ऐकून घेत होत्या. मधे मी होते, दोघींचंही जाणणारी. पुस्तकातला गृहस्थ अशा ठिकाणी काय करील ते उघड होतं. पण तो त्या घराचा पाहुणा होता. पूल दुरुस्त झाला की सामान उचलून जाणार होता. मला या दोघींच्या हातचं जेवायचं होतं.

दहावा झाल्यावर कंधारहून आत्या आली. अण्णांची ही धाकटी बहीण. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून ती आधी आली नव्हती. मुलाने हात धरून तिला आत आणलं. डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा होता. ती बाईंच्या शेजारी खाली बसली आणि चाचपडत बाईंचा हात हातात घेतला.

"डॉक्टर म्हनला रडायचं न्हाई, टाके उसवतील," ती म्हणाली. "म्हनून थांबले, वहिनी. भाऊ मेला आन रडायचं न्हाई, तर येऊन तरी काय करू?"

"वन्सं, भिताडाला टेका," बाई म्हणाल्या. "गुडघा मोकळा सोडा."

खोलीत आम्ही घरचे सगळेच होतो. दीर आणि माझे पती दारापाशी उभे होते, मी आणि जाऊबाई आतल्या उंबऱ्याजवळ. मग आत्याने, नजर कुठेच न लावता, विचारलं, "कसं झालं?"

जाऊबाई पुढे सरकल्या. "सकाळी चहा घेतला, आत्या. दोन चमचे सांजा..."

"थांब ग," बाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत भेटायला आलेल्यांसमोर त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. आवाज मोठा नव्हता. "पानी आलं व्हतं, वन्सं. लई दिसानं आलं व्हतं. मी त्येंच्यापाशी बसले व्हते. गल्लीत पानी आलं, पानी आलं झालं, तशी उठले. ही नळावर, लेक वर टाकीपाशी, मी ड्रमाला फडकं धरून. सगळं भरून आत आलो तर झालं व्हतं. जवळ कुनी नव्हतं. पानी हिनं घातलं, पर मागून घातलं."

जाऊबाईंनी पदर तोंडात धरला. दीर काहीतरी बोलणार होते, पण माझ्या पतींनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"आन उठताना त्येंनी हात हलवला," बाई पुढे म्हणाल्या. त्यांनी स्वतःचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलून, मनगटातून हलवून दाखवला. आत्याला तो नीट दिसला की नाही कोण जाणे. "मला वाटलं जा म्हनतेत. पानी भरा म्हनतेत. मी म्हनलं आलेच, आन गेले. आता वाटतंय, थांब म्हनत व्हते का? का तहान लागली व्हती? हात तर तसाच हलतोय, वन्सं. जा म्हनायला बी तसाच, पानी मागायला बी तसाच."

बाईंचा हात अजून तसाच अधांतरी होता.

"मला तरी काय कळनार, वहिनी," आत्या शेवटी म्हणाली. "मी कंधारला व्हते." मग बाईंचा तो हात धरून तिने खाली आपल्या मांडीवर घेतला. "पर पानी आल्यावर त्यो कुनाला जवळ बसू दिला असता व्हय? मी तापानं फणफणले व्हते, तवा बी उठवून हातात घागर दिलती त्यानं. म्हनला, ताप उद्या बी असंल, आड उद्या आटंल."

बाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. ते हसू होतं असं मी म्हणणार नाही. "दिली असंल," त्या म्हणाल्या. "तसेच व्हते." मग त्या जाऊबाईंकडे वळल्या. "तू कामून रडतीस? तू घातलंस की पानी. मला तर तेवढं बी झालं न्हाई. उठ, वन्सायला चहा टाक. गाडीतून उतरल्यापून तशाच बसल्यात."

जाऊबाई उठल्या. मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं, साखर घातली, आणि चहाची पूड घालायची विसरून तशाच उभ्या राहिल्या. मी पूड घातली.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण मी दुसऱ्या दुपारी कोठीत बसून वाचलं. ग्रंथपालांचं म्हणणं बरोबर होतं, ते आधी वाचण्यासारखं नव्हतंच. त्या गृहस्थाने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि आधीच्या प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा अर्थ सांगितला. कोणी खिडकी का लावली, कोणाचा पेला अर्धा का राहिला, कोणी कोणाला पाहून हात का हलवला. प्रत्येक गोष्टीला एकच अर्थ होता आणि तो निर्दोष होता. शिक्षिका म्हणून मला त्या बांधणीचं कौतुक वाटलं आणि आजही वाटतं. त्यानंतर मी तशी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, आणि आता ती उघडपणे वाचते. पण हात हलवण्याचा खुलासा वाचताना मी ते पान उलटायला बराच वेळ घेतला.

तेरवीला लांबचे नातेवाईक आले. जेवणं उरकल्यावर त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने सवयीने जाऊबाईंकडे पाहून विचारलं, "कसं झालं म्हणायचं?" जाऊबाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सांगितलं: पाणी आलं होतं, सगळे पाण्यावर होतो, जवळ कोणी नव्हतं, पाणी मागून घातलं. त्यानंतरही वर्षभर, सणावाराला, लग्नकार्यात ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना बाईंनी स्वतः हेच सांगितलं, याच क्रमाने, इतक्याच शब्दांत. ऐकणाऱ्यांपैकी काहींना ते आवडत नसे, ते दुसरीकडे पाहत. बाई त्यांच्यासाठी काही बदलत नसत. हाताचं मात्र त्यांनी आत्यानंतर पुन्हा कोणालाही सांगितलं नाही.